मध्यम मापाचं मनगट

११ सप्टेंबर

आज मला या घरात प्रथमच एक अधिकृत पद मिळालं. मी 'मध्यम' झाले.

विजेच्या मोटारींत तांब्याची वेटोळी भरायचा ह्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा निरोपाच्या दिवशी हे एक पक्कड, एक हातोडी आणि तांब्याच्या तारेचं भलंमोठं भेंडोळं घेऊन घरी आले. पुढचे कित्येक महिने ते भेंडोळं एका खुर्चीवर बसायचं, हे समोरच्या खुर्चीवर, आणि दोघं एकमेकांकडे बघत गप्प. हे मुळातच मितभाषी. पण मितभाषी आणि मुका यांत फरक असतो, आणि तो फरक रोज पुसट होत चालला होता. जेवलात का, हं. झोपता का, हं. मी वार्ताहर बाई, नगरपालिकेच्या सभेतल्या झोपलेल्या सदस्याकडूनसुद्धा दोन वाक्यं काढून आणते. पण घरच्या माणसापुढे हात टेकले. मनात भीती होती, हा माणूस असाच त्या खुर्चीत मुरत जाणार.

मग गेल्या महिन्यात कधीतरी ह्यांनी भेंडोळ्यातल्या तीन तारा उचलून त्यांची वेणी घातली. का, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबले असते.

आज मागच्या खोलीतून हाक आली, "हात आण."

तिथे जुन्या दाराचं टेबल झालंय. त्यावर गॅसची बत्ती, पोलादी ठोकळा, पाण्याची बादली, काळेपणा काढायला लिंबू-मिठाच्या पाण्याचा वाडगा. तारांची वेणी लाल होईस्तोवर तापवायची, पाण्यात बुचकळायची, की ती मेणासारखी मऊ पडते. मग टोकांत बोटभर फट ठेवून मनगटावर वाकवायची. मग काढून ठोकायची, की ती कडक होते.

"म्हणजे तापवलं की मऊ आणि ठोकलं की कडक. माणसांचंही असंच असतं," मी म्हटलं.

"बोलू नकोस. मनगट हलतं."

"कागदाच्या पट्टीने माप घ्या की मग."

"कागद खोटं बोलतो. मनगट नाही."

चार वाक्यं! मी गप्प हात पुढे धरून उभी राहिले. कडं तयार झालं ते मनगटाच्या हाडापाशी असं बसलं की ना वर सरके ना खाली. हे पहिलं कडं माझं. यापुढे दर आठवड्याला माझ्या मनगटावर एक वाकवायचं, बाकीची त्याच्याशी जुळवायची. ते झालं मध्यम. त्याहून नखभर कमी ते लहान, नखभर जास्त ते मोठं.

शास्त्रात ज्याने इतर गोष्टी मोजायच्या त्याला प्रमाण म्हणतात. अर्धं आयुष्य शास्त्र वाचून मी अखेर स्वतःच प्रमाण झाले. प्रगती आहे.

२९ सप्टेंबर

मुलीने लांबून, तिच्या शहरातल्या खोलीत बसून, आमचं ऑनलाइन दुकान उघडून दिलं. फोटो तिच्या सांगण्यावरून मी काढले, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर. वर्णन लिहायचं काम ओघानेच माझं. मी लिहिलं, 'संध्यारुणकांती, त्रिसूत्रगुंफित, करभूषणोचित ताम्रकंकण.'

मुलीचा फोन आला. "आई, हे दागिना आहे की औषध? लोक विचारतील, जेवणाआधी घ्यायचं की नंतर."

"मग तू लिही."

तिने लिहिलं, 'तांब्याचं कडं. हाताने घडवलेलं. मध्यम.' यावर लगेच एक गिऱ्हाईक लागलं. भाषेचे दिवस संपले.

मात्र डबीत घालायच्या चिठ्ठीवर मी हक्क सोडला नाही. त्यावर माझीच दोन वाक्यं आहेत : 'हे कडं यंत्रावर नव्हे, एका खऱ्या मनगटावर वाकवलेलं आहे. ठोकून कडक केलेलं असल्याने ते पुन्हा वाकवू नये, माप पाहून घ्यावं.'

ह्यांनी चिठ्ठी वाचली. "खऱ्या," म्हणाले, आणि हसल्यासारखं काहीतरी केलं.

१७ ऑक्टोबर

पहिल्या गिऱ्हाइकीण बाईंचा निरोप आला : 'कडं मिळालं. नेमकं बसलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला छान आहे, पण त्याने वर बघितलं नव्हतं. दुसऱ्या हातासाठी पुढे मागवीन.' मला या बाई आवडल्या. मोजून बोलतात आणि टोचून बोलतात.

मागण्या येताहेत. मागच्या खोलीतून दिवसभर ठक ठक, ठक ठक. जेवताना हे आपणहून म्हणाले, "पिळाची दिशा उलटी केली की चकाकी वेगळी दिसते." आपणहून! मी घास तसाच हातात धरून बसले, चाहूल लागून पाखरू उडू नये म्हणून.

९ नोव्हेंबर

या धंद्याने मला काय झालंय कळत नाही, पण अंगात वारं भरलंय. पहाटेच जाग येते. आज उजाडायच्या आत बातमी लिहून पाठवली, माळा आवरला, सगळी पुस्तकं उतरवून पुसून परत लावली आणि मग ह्यांना उठवून विचारलं, "आणखी काय करू?"

"झोप," म्हणाले.

भूकही अशी लागते की विचारू नका. दोन जेवणांच्या मध्ये तिसरं जेवण सापडायला लागलंय. मुलगी व्हिडिओवर म्हणाली, "आई, काय मस्त बारीक झालीयेस! करतेस काय?"

"कष्ट," मी म्हटलं.

शिंपीणबाईंकडे मात्र आज वाद घातला. उन्हाळ्यात शिवलेले कुडते पार सैल निघाले, खांद्यावरून उतरतात. म्हटलं, "बाई, माप कुणाचं घेतलं होतंत? माझं की मागे उभी होती तिचं?"

त्या टेप गळ्यात अडकवत म्हणाल्या, "ताई, कापड सैल होत नसतं."

आपली चूक कुणी कबूल केलीय? टाके घालून घेतले आणि आले.

२ डिसेंबर

थंडी पडली म्हणतात. मला तरी काही जाणवत नाही. मागच्या खोलीतली ती बत्ती अख्खं घर तापवते. मी सगळ्या खिडक्या उघड्या टाकते. हे कानाला मफलर गुंडाळून ठोकत बसतात.

"खिडकी लाव," म्हणाले.

"तुमची बत्ती विझवा, लावते."

"विझलेलीच आहे."

असेल. भिंती उष्णता धरून ठेवतात.

दुसरं म्हणजे हातोडीचा आवाज. तो आता माझ्या कानात बसला आहे. हे काम थांबवून हात धुऊन आले तरी मला ऐकू येत राहतं, ठक ठक, ठक ठक, जरा जलदच. उशीवर डोकं टेकलं की अधिकच स्पष्ट. कारखान्याजवळ राहणाऱ्यांना भोंगा बंद झाल्यावरही तो ऐकू येतो म्हणे. धंद्याची सवय, दुसरं काय.

पहिलं कडं मी काढून ठेवलं. भांडी घासताना दोनदा बादलीत पडलं. शिकाऊ हाताचं काम होतं ते, तारेने अंग सोडलं असणार. आता ते माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतं. ह्यांना सांगितलं नाही. पहिल्या कवितेला आणि पहिल्या कड्याला नावं ठेवू नयेत.

१४ डिसेंबर

एक कडं परत आलं.

'मध्यम मागवलं होतं. हाताला रुततं.' मापाच्या बाबतीत लोकांचा स्वतःविषयी फार गोड गैरसमज असतो. मी उत्तर लिहिलं, 'आमचं मध्यम प्रमाणबद्ध आहे. कृपया आपण मोठं मागवावं.' थोडं खवचट झालं, पण इलाज नव्हता.

ह्यांना दाखवलं नाही. काल जेवताना हे कारखान्यातली एक गोष्ट सांगत होते, अर्धवट नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटी स्वतःच हसले. एका रुतणाऱ्या कड्यासाठी मी ते हसू पणाला लावू? डबी माझ्या पुस्तकांतल्या शब्दकोशाच्या खंडांमागे सरकवून दिली. कोश आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी हलवत नाही.

५ जानेवारी

कोशामागे आता डब्यांची रांग झाली आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, लहान पडतं.

मला काहीच कळेनासं झालंय. कार्य आहे तर कारण हवंच. मी रीतसर अनुमानं मांडली. एक, थंडीत तांबं आकसत असेल. पण मग थंडीत मनगटंही आकसायला हवीत. दोन, प्रवासात डब्या दबत असतील. डब्या शाबूत आहेत. तीन, गिऱ्हाइकं अंगाने सुटली असतील. सगळी एकदम? चार... चौथं अनुमान लिहायला मन धजत नाही.

ह्यांची नजर उतरली असेल.

आज सोमवारचं माप होतं. "हात आण." मी मुद्दाम डोळे फाडून बघत राहिले. तार मनगटाभोवती फिरली, टोकं समोरासमोर आली, माझ्या मनगटावर अगदी नेमकी. कुठेही चूक नाही. मग ही चूक होते कुठे? वाकवताना मनगट बरोबर आणि गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर चूक? हे काय गारूड आहे?

"हात हलतोय तुझा," हे म्हणाले.

"तुमचा हलत असेल."

ह्यांनी तार खाली ठेवली. नंतर चहा आणला तर माझ्या हातात कप बशीवर वाजायला लागला. तुमच्या ठोकण्याने टेबलं हलतात, मी म्हटलं. टेबलाला मी टेकलेली नव्हते, हे आता लिहिताना लक्षात येतंय. जमीन हलत असेल.

१६ जानेवारी

ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. खरं कारण सांगितलं नाही. "वय झालं, एकदा दाखवून घेऊ," एवढंच.

जिन्याचा एकच मजला, पण मला धाप लागली. हे वर पोचून माझी वाट बघत उभे. "तू दाखवतेस का मी?" म्हणाले.

"फाजीलपणा नको."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना फळ्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली. ह्यांनी ती वाचली आणि त्याखाली छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं. "घड्याळजी आहात का?" डॉक्टरांनी विचारलं. हे खूश झाले. मी नाराज झाले. नवऱ्याची नजर उत्तम आहे म्हणून रस्ताभर हिरमुसलेली बायको मी पहिलीच असेन.

घरी येताना रिक्षात उगाचच भांडले. खिडकी, मफलर, हातोडी, सगळं काढलं. शब्द तोंडातून असे निघत होते की मीच दचकत होते. मला राग येतो कुठून? हे बाहेर बघत बसले. उतरल्यावर म्हणाले, "सकाळी लवकर उठू नकोस उद्या."

३ फेब्रुवारी

दुकानाच्या साइटवाल्यांचा संदेश आला. परत येणाऱ्या मालाचं प्रमाण फार झालंय. महिन्याअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर दुकान बंद करण्यात येईल.

मागच्या खोलीतून शीळ ऐकू येतेय. लग्न झाल्यापासून मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती. ह्यांना येते हेच मला ठाऊक नव्हतं.

सांगायचं कसं?

९ फेब्रुवारी

सांगावं लागलं नाही.

मी पालिकेच्या सभेला गेले होते. येऊन बघते तर कोशाचे सगळे खंड जमिनीवर, आणि डब्या टेबलावर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीची चिठ्ठी तिच्यासमोर. हे खुर्चीत. त्याच खुर्चीत.

पहिल्या गिऱ्हाइकीण बाईंचा फोन आला होता. पार्सलवर आमचा नंबर असतो, आणि फोन घरी राहिला होता. बाईंनी विचारलं, "मी परत पाठवलेलं दुसऱ्या हाताचं कडं पोचलं का?" हे म्हणाले, "कोणतं?" मग बाईंनी सगळंच सांगितलं. बाई मोजून बोलतात, पण सगळं बोलतात.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला डोळे तपासायला नेलंस."

"हं," मी म्हटलं. आमच्या घरात ते अक्षर मी पहिल्यांदाच वापरलं असेल.

"माझा हात गेला, असंच ना तुझ्या मनात?"

मी नाही म्हणायला हवं होतं. एरवी शब्दांची कधी वाण नसते मला. ह्यांनी उठून बत्तीची नळी काढली, गुंडाळली, आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

ठक ठक अजून ऐकू येतेच आहे. कोण ठोकतंय?

१२ फेब्रुवारी

जेवलात का, हं. मुलीचा फोन आहे, हं. भेंडोळं पुन्हा समोरच्या खुर्चीवर आलं आहे. मी ते उचलून आत ठेवायला गेले तर मला उचललं नाही. पूर्वी एका हाताने उचलायची. खुर्चीवरून उठतानाही मांड्यांत जोर नाही. मनस्ताप माणसाला पोखरतो हे खरंच.

मला हे दुकान नको, कडी नकोत. मला ती शीळ परत हवी आहे. आणि तीच माझ्यामुळे गेली, की ह्यांच्या हातामुळे, की आणखी कशामुळे, याचा काही केल्या उलगडा होत नाही.

१३ फेब्रुवारी

आज काय घडलं ते नीट क्रमाने लिहिते, कारण डोकं क्रमाने चालत नाहीये.

दुपारी त्या पहिल्या गिऱ्हाइकीण बाईंचा संदेश आला. परत पाठवण्याआधी त्यांनी काढून ठेवलेला फोटो होता. पहिलं कडं आणि दुसरं कडं, एकात एक ठेवलेली. दुसरं पहिल्याच्या पोटात आरामात मावत होतं. दोन्ही मध्यम. दोन्ही माझ्या मनगटावर वाकवलेली. खाली मजकूर.

मी तो ह्यांना ऐकू जाईल असा, त्या बाईंच्या ठसक्यात वाचून दाखवला. काही झालं तरी हसतील म्हणून. "ऐका. 'सख्ख्या बहिणी म्हणून घेतल्या, निघाल्या सावत्र. चिठ्ठीत लिहिलंय, खऱ्या मनगटावर वाकवतो. मग एक विचारते, रागावू नका. ज्या बाईच्या मनगटावर वाकवता, त्या बऱ्या आहेत ना?' घ्या! कड्याची तक्रार संपली, आता माझी सुरू. यांना काय करायचंय मी बरी आहे की..."

हे खुर्चीतून उठले होते.

माझ्या टेबलापाशी गेले, कागदांवरचं पहिलं कडं उचललं आणि म्हणाले, "हात आण."

"आता कशाला? दुकान तर..."

"हात आण गं."

कडं मनगटावर चढवलं आणि ह्यांनी माझा हात हलकेच वर उचलला. कडं घसरत घसरत कोपराच्या दिशेने गेलं आणि मध्यावर कुठेतरी थांबलं. सप्टेंबरात ते तसूभर हलत नव्हतं.

"तारेने अंग सोडलंय," मी म्हटलं.

"ठोकलेलं तांबं अंग सोडत नाही," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "दर सोमवारी हात हातात धरला मी. दर सोमवारी. आणि बघत होतो तार."

मग ह्यांनी उघड्या खिडक्यांकडे बघितलं. माझ्या कुडत्याच्या खांद्यावरच्या टाक्यांकडे बघितलं. "चल."

"कुठे?"

"डॉक्टरकडे."

"कडं सैल झालं म्हणून डॉक्टर? लोक हसतील. आणि माझी भूक बघितलीत ना? आजारी माणूस इतकं जेवतो का?"

ह्यांनी माझ्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या. वाद घालायला माझ्याकडे मुद्दे होते, पण माणसाने आपल्या पायांपुढे चपला ठेवल्यावर मुद्दा राहत नाही.

१८ फेब्रुवारी

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. माझ्या गळ्याला हात लावला, "गिळा" म्हणाल्या, मग प्रश्न सुरू.

भूक? फार. वजन? उतरलंय वाटतं. उकडतं? घरात बत्ती असते. बत्तीशिवाय? ...उकडतं. हात थरथरतात? टेबल हलतं. छातीत धडधड? मी म्हटलं, "नाही, पण कानात हातोडी ऐकू येते." त्यांनी माझी नाडी धरली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही?"

अगदी तीच. तोच ठेका, ठक ठक, ठक ठक. एवढे महिने मी ह्यांना म्हणत होते, जरा हळू ठोका.

"चिडचिड होते?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. हे छताकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

गळ्यातली एक ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करतेय म्हणे, म्हणून सगळं शरीरच पळत सुटलंय. गोळ्या आहेत, वेळ लागेल, पण ताळ्यावर येईल. "इतके दिवस कळलं कसं नाही?" त्यांनी विचारलं. आवाजात आश्चर्य होतं, दोष नव्हता.

कसं कळणार? मी बातमीदार आहे. सगळ्या गावावर माझं लक्ष असतं. शिंपीण चुकली, तांबं चुकलं, टेबल चुकलं, गिऱ्हाइकं चुकली, नवऱ्याचे डोळे चुकले, इतकं सगळं मी शोधून काढलं. काखेत कळसा असला तर गावाला वळसा घालणं शास्त्राला धरूनच आहे.

बाहेर आल्यावर हे बाकावर बसले ते उठेचनात. "चला की," मी म्हटलं.

"थांब जरा," म्हणाले. "पाय मऊ पडलेत."

मी शेजारी बसले. तापवून बुचकळलेल्या तारेबद्दल काहीतरी सुचलं होतं, पण नाही बोलले.

२६ फेब्रुवारी

सगळ्या गिऱ्हाइकांना आज कळवलं. मजकूर मी लिहायला घेतला तर तिसऱ्या ओळीत समास शिरले. तेव्हा ह्यांनी सांगितला तसाच लिहिला : 'चूक आमची. माप ज्यांच्या मनगटावर घेत होतो त्या आजारी होत्या आणि आम्हाला कळलं नाही. कडं परत पाठवा, पहिल्या मापाने नवीन करून देतो.'

मुलीने वाचून फोन केला. म्हणाली, "मी 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हटलं होतं."

"छान दिसत होतेच," मी म्हटलं. "तेवढं परत घेऊ नकोस."

साइटवाल्यांना मुलगीच उत्तर देणार आहे. दुकान राहील की जाईल, माहीत नाही.

पहिल्या बाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. 'बऱ्या व्हा. घाई नाही. एका हाताने भागतं.'

११ मार्च

दुकान राहिलं. पण माझं पद गेलं.

ह्यांनी जुन्या मोडक्या खुर्चीचा एक पाय कापला, पहिलं कडं त्यावर चढवून बघत बघत कानशीने घासत आणला, आणि आता सगळी कडी त्या पायावर वाकवली जातात. पाय वाळत नाही, फुगत नाही, त्याला उकडत नाही. माझ्यापेक्षा सर्व दृष्टींनी सरस. एवढं शास्त्र वाचून जे पद मिळवलं ते एका खुर्चीच्या पायाने घेतलं, याची नोंद असावी.

चिठ्ठीवरचं 'एका खऱ्या मनगटावर' हे खोडायला हवं, असं मी म्हटलं.

"खोडू नकोस," हे म्हणाले. "मूळ तेच आहे."

मागच्या खोलीतून ठक ठक येते. हे थांबले की थांबते. अधूनमधून एखादा ठोका जास्त पडतो, तो माझा.

५ एप्रिल

काल खिडकी मी स्वतः लावली. ह्यांनी बघितलं आणि मफलर काढून खुंटीला टांगला.

आज सकाळी चहा झाल्यावर हाक आली, "हात आण."

मी गेले. ठोकळ्यावर खुर्चीचा पाय आडवा, त्यावर एक अर्धं वाकलेलं कडं. ह्यांच्या हातात मात्र पहिलं कडं होतं, माझं. त्यांनी ते माझ्या मनगटावर चढवलं, हात वर उचलला आणि बघत राहिले. कडं घसरलं. मागच्या वेळेपेक्षा अलीकडे थांबलं. मनगटाच्या हाडापासून अजून दूर होतं, पण कोपर आता त्याला लांब पडलं.

"हं," म्हणाले.

एवढ्यावर हात सोडायला हवा होता. सोडला नाही. तसाच धरून, दुसऱ्या हाताने ते अर्धं वाकलेलं कडं पायावरून काढलं आणि माझ्या मनगटाभोवती धरून बघायला लागले, उगाचच, टोकं जुळणार नव्हती हे दोघांनाही दिसत होतं.

"अहो, आता माझं माप कशाला? खुर्चीचा पाय आहे ना तुम्हाला?"

हे तारेकडेच बघत होते.

"तो बोलत नाही," म्हणाले.